पूर्व भागातल्या अक्कांची दहा वर्षं : नळावरच्या वहीपासून सभागृहापर्यंत

पूर्वभागकर

सोलापूर महापालिकेची निवडणूक एकदाची झाली. मार्च २०२२ मध्ये जुन्या सभागृहाची मुदत संपली, तेव्हापासून १५ जानेवारी २०२६ च्या मतदानापर्यंत आपलं शहर प्रशासकाच्या हातात होतं. आता पुन्हा नगरसेवक आले आहेत आणि चौकाचौकात गप्पा सुरू आहेत त्या कोण कुठल्या गटाचा, कुणाला कुठली समिती मिळणार याच्या. मला वेगळ्या विषयावर बोलायचं आहे. वस्तीत वर्षानुवर्षं राबणारं माणूस नगरसेवक झाल्यावर नेमकं काय करू शकतं, आणि आपण त्याला कशावरून जोखतो?

डोळ्यांसमोर आमच्या अक्का आहेत. अशोक चौकाच्या पलीकडे आमची वस्ती. नाव लिहीत नाही, "माझं नाव कशाला, काम काय झालं ते लिही की" असं त्यांनीच सांगितलंय. २००७ ला अपक्ष म्हणून, २०१२ ला एका पक्षाच्या चिन्हावर निवडून आल्या, २०१७ ला पडल्या. घरात तेलुगू, बाहेर मराठी, भाजीवालीशी कानडी. शिक्षण सातवी. पोटाला विड्या वळणं.

त्यांचं काम सुरू झालं ते पाण्यापासून. सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं हे कुणाला सांगायला नको. पण आमच्याकडे ते रात्री-अपरात्री यायचं, आणि बोळाच्या शेवटच्या घरांना घागरभर मिळालं तरी नशीब. विडीवाली बाई रात्रभर जागली की दुसऱ्या दिवशी हजार विड्या पुऱ्या होत नाहीत. विड्या कमी भरल्या की मजुरी तुटते, त्यात छाटीत, म्हणजे खराब म्हणून बाजूला काढण्यात गेल्या तर आणखी तुटते. म्हणजे पाण्याची वेळ हा आमच्याकडे थेट मजुरीचा प्रश्न होता, आणि हे पहिल्यांदा मोठ्याने बोलल्या त्या अक्का.

घागर मोर्चा त्यांनीही काढला, पण त्याआधी एक वही घातली. प्रत्येक बोळात एका बाईवर जबाबदारी. पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याने चावी कधी फिरवली, पहिल्या घराला पाणी कधी आलं, शेवटच्याला कधी, धार किती जाड, किती घागरी भरल्या. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्या कोळशाने भिंतीवर रेघा मारून ठेवायच्या, सकाळी शाळेला जाणारी पोरं त्या वहीत उतरवायची. काही महिन्यांनी वही वाचल्यावर चित्र स्वच्छ दिसलं. पुढच्या बोळांना तासभर पाणी, मागच्यांना शेवटची काही मिनिटं. चार इंची लाइन टाकली तेव्हा घरं थोडी होती. नंतर त्याच लाइनवर कनेक्शनं वाढत गेली, पुढच्या घरांनी नळाला थेट मोटारी लावल्या, आणि मागच्यांपर्यंत दाब पोचेना.

झोन कार्यालयात साहेब म्हणाले, लाइनलाच प्रेशर नाही. अक्कांनी वही उघडून त्यांच्यासमोर ठेवली. "त्याच लाइनला पहिल्या बोळात तासभर प्रेशर हाय, मग आमच्याकडं कुठं जातंय?" साहेब चांगले निघाले. प्रत्यक्ष येऊन बघून गेले. मागच्या बोळांना वेगळा व्हॉल्व्ह बसला, आणि एका पाळीला आधी पुढच्यांना, दुसऱ्या पाळीला आधी मागच्यांना असं ठरलं. पाण्याचे दिवस तेवढेच राहिले, वाटणी बदलली. लोकांनी त्यांना निवडून दिलं ते या व्हॉल्व्हसाठी.

पुढच्या दहा वर्षांबद्दल ज्यांना माहिती आहे त्यांनी लिहावं. चांगलं-वाईट दोन्ही.

शेळगीकर

छान धागा. आमचा भाग १९९२ च्या हद्दवाढीत शहरात आला. एका फटक्यात शहराचं क्षेत्र १७८ चौरस किलोमीटरच्या वर गेलं, पण लाइनी, गटारी, रस्ते मागून यायला वर्षं गेली. आमच्याकडे अशी वही कुणी घातली नाही, नुसती निवेदनं दिली. अक्का कुठल्या युनियनमधून आल्या का हो? पूर्व भागात लाल बावट्याचं काम मोठं होतं म्हणून विचारतोय.

पूर्वभागकर

@शेळगीकर, युनियनच्या मोर्च्यांना त्या लहानपणापासून आईच्या कडेवर बसून गेलेल्या, पण पदाधिकारी कधी नव्हत्या. आमच्या भागात ही शाळा सगळ्यांनाच मिळते. मोर्चात घोषणा कधी द्यायची, साहेबाच्या केबिनमध्ये कितीजणींनी जायचं, आत एकीनेच बोलायचं, बाहेर पडल्यावर आत काय झालं ते सगळ्यांना जसंच्या तसं सांगायचं, हे सगळं तिथलंच. शेवटची गोष्ट अक्कांनी नगरसेविका झाल्यावरही सोडली नाही. सभा झाली की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मारुतीच्या पारावर बसून काय विषय आले, कोण काय बोललं ते सांगायच्या. तेलुगूत सांगायच्या आणि मध्येच मराठी कागद वाचून दाखवायच्या.

निवृत्त_लिपिक

मी महापालिकेत नोकरी केली आणि सभागृहाचं कामकाज बरीच वर्षं जवळून पाहिलं. पूर्वभागकरांनी कुणाबद्दल लिहिलंय ते ओळखलं. थोडं सविस्तर लिहितो, कारण सभागृहात काय चालतं याची लोकांना कल्पना नसते आणि त्यामुळे नगरसेवकाचं खरं काम नजरेआड राहतं.

नव्या सदस्याला पहिल्या सभेआधी विषयपत्रिका घरपोच मिळते. बहुतेक जण ती गाडीच्या डिकीत टाकतात. या बाई विषयपत्रिका घेऊन आमच्या टेबलाशी आल्या आणि एकेक विषय विचारू लागल्या. टिपण्णी म्हणजे काय, मक्त्याची मंजुरी कुठल्या रकमेपर्यंत स्थायी समितीत होते, आणि सूचक-अनुमोदक म्हणून सही केली तर जबाबदारी कुणाची. शेवटचा प्रश्न फार कमी जण विचारतात. कुठलाही विषय मांडायला एक सूचक आणि एक अनुमोदक लागतो. गटनेता कागद पुढे करतो, मागच्या बाकावरचा सदस्य सही ठोकून मोकळा होतो, आणि पुढे वाद झाला की कागदावर त्याचंच नाव असतं. वाचल्याशिवाय सही करायची नाही हे या बाईंनी पहिल्याच महिन्यात ठरवलं. त्यामुळे त्यांना सूचक करायला कुणी येईनासं झालं, तर त्या स्वतःचे विषय स्वतः लिहून आणू लागल्या.

अंदाजपत्रकाचं तर काय सांगू. आयुक्त अंदाजपत्रक स्थायी समितीकडे देतात, तिथून ते सर्वसाधारण सभेपुढे येतं. जाडजूड पुस्तक असतं. प्रत्येक लेखाशीर्षासमोर मागच्या वर्षी प्रत्यक्ष झालेला खर्च, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अंदाज असे रकाने असतात. सगळे शेवटच्या रकान्यावर भांडतात, कारण आपल्या प्रभागाला किती मिळणार हे तिथे दिसतं. या बाई पट्टी घेऊन बसायच्या. ओळीखाली पट्टी ठेवायची, आधी प्रत्यक्ष खर्चाचा आकडा वाचायचा, तांबड्या पेनाने खूण करायची, मग पुढे सरकायचं. सातवी शिकलेली बाई, आकडे बोटाने मोजत वाचते, असं काही जण मागे हसले. पण त्यांनी जे हेरलं ते वकील-डॉक्टर असलेल्या सदस्यांनी हेरलं नव्हतं. झोपडपट्ट्यांमधल्या गटारीसाठी दर वर्षी तरतूद दिसायची, आणि पुढच्या वर्षीच्या पुस्तकात प्रत्यक्ष खर्चाच्या रकान्यात त्यातला थोडाच भाग दिसायचा. म्हणजे पैसे कागदावर ठेवले जात होते आणि वर्ष संपता संपता दुसरीकडे वळवले जात होते. नियमात बसवूनच, पुनर्विनियोजन करून.

सभेत त्यांनी एवढंच विचारलं, "गेल्या वर्षी ठेवलेले आणि न खर्चलेले पैसे कुठल्या शीर्षावर गेले, ते शीर्षनिहाय सांगा." लेखी उत्तर द्यावं लागलं. ते उत्तर घेऊन त्यांनी पूर्व भागातल्या वेगवेगळ्या पक्षांच्या सदस्यांना एकत्र बसवलं आणि पुढच्या अंदाजपत्रकाला उपसूचना आणली, की या शीर्षावरचे पैसे वळवायचे असतील तर विषय सभेपुढे आला पाहिजे. उपसूचना मंजूर झाली.

इथे एक गोष्ट तरुणांनी लक्षात घ्यावी. ठराव मंजूर होणं ही अर्धीच वाट असते. सभेचा ठराव प्रशासनाला योग्य वाटला नाही तर तो विखंडित म्हणजे रद्द करण्यासाठी शासनाकडे पाठवता येतो, महापालिका अधिनियमात त्यासाठी कलम ४५१ आहे. आणि तसं काही न करताही ठराव कपाटात पडून राहू शकतो. म्हणून ठराव झाला की त्याचा क्रमांक घेऊन बाई दर आठवड्याला संबंधित खात्यात जायच्या. कधी आवाज चढवला नाही. खुर्चीवर बसून राहायच्या. खात्यातली माणसं त्यांना चहा पाजायची आणि कामही करायची, कारण ही बाई टक्केवारीची भाषा बोलत नाही हे सगळ्यांना माहीत होतं. माझ्या नोकरीत मी अशी माणसं फार थोडी पाहिली, आणि म्हणून हा एवढा मोठा प्रतिसाद.

बाळीवेस

लिपिकसाहेब, सलाम. हे सगळं कधी कुणी सांगितलंच नव्हतं. आपल्याला नगरसेवक म्हणजे चेंबर तुंबलं की फोन करायचा माणूस.

एक जुनी आठवण द्यावीशी वाटते. सोलापूरची नगरपालिका १८५२ ची. ६ एप्रिल १९३० ला त्या नगरपालिकेच्या इमारतीवर तिरंगा चढला, इंग्रजांचं राज्य असताना. पुढच्या महिन्यात मार्शल लॉ आला, आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन फासावर गेले. चार पुतळ्यापाशी रोज आपण गाडी वळवतो. रस्त्यावरची चळवळ आणि पालिकेचं सभागृह या आपल्या गावात कधी दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्याच.

जुळे_सोलापूरकर

माझं लहानपण त्याच वस्तीत गेलं, म्हणून लिहितो. कौतुक वाचलं, पटतंही. पण दुसरी बाजूही यायला पाहिजे.

२०१२ नंतरच्या अक्का वेगळ्या होत्या. अपक्ष असताना जे बोलायच्या ते पक्षात गेल्यावर बोलता येईना. आमच्या मागच्या मोकळ्या जागेवर खेळाच्या मैदानाचं आरक्षण होतं. ते उठवण्याचा विषय सभेत आला तेव्हा अक्कांनी बाजूने हात वर केला. हो, बाजूने. त्या मैदानावर मी क्रिकेट खेळलोय, माझ्या बहिणी तिथे खो-खो खेळल्यात. त्या दिवशी वस्तीतल्या पोरांना जे वाटलं ते मी विसरलेलो नाही. पक्षाचा व्हिप, म्हणजे कसं मत द्यायचं याचा आदेश होता, मान्य. पण मग अपक्ष राहायचं होतं. ज्या बाईने व्हॉल्व्हसाठी साहेबाच्या तोंडावर वही ठेवली, तिने गटनेत्याच्या तोंडावर नाही म्हणायला पाहिजे होतं.

विडीवालीची_लेक

मी आता पुण्यात असते, पण आई अजून तिथेच. आई आणि अक्का एकाच कारखान्यात विड्या द्यायच्या. दोन गोष्टी लिहिते.

पहिली, पैशाची. नगरसेवकाला मानधन मिळतं ते किती तुटपुंजं असतं हे लोकांना माहीत नसतं, आणि दारात मात्र रोज माणसं. कुणाच्या दवाखान्याची चिठ्ठी, कुणाच्या पोराची फी, अंत्यविधीची लाकडं, गणपतीची वर्गणी. नगरसेवक झाली म्हणजे पैसे आलेच, असं सगळे धरून चालतात. अक्का निवडून आल्यावरही विड्या वळत होत्या. मी स्वतः पाहिलंय. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, भिजवलेल्या पानाच्या जुड्या ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या. पत्र्याचा साचा पानावर ठेवून कात्रीने कापायचं, चिमूटभर तंबाखू पसरून वळायचं, टोक दुमडायचं, दोरा बांधायचा. हात चालू, आणि समोर बसलेल्या माणसाचं ऐकणंही चालू. अर्ज लिहायची वेळ आली की हात लुगड्याला पुसून म्हणायच्या, "सांग, तारीख सांग आधी." तारीख आणि जागा सांगितल्याशिवाय कुठलीच तक्रार पुढे ऐकायच्या नाहीत. त्यांच्या यजमानांचं यंत्रमागावर काम होतं. ते बंद पडलं तेव्हा घर या विड्यांवरच चाललं.

दुसरी गोष्ट बायकांची. महिला राखीव जागेवर निवडून आलेल्या कितीतरी बायकांच्या वतीने त्यांचे नवरे सगळीकडे जायचे, अधिकारीही त्यांनाच 'नगरसेवक' म्हणायचे. २०१२ पासून निम्म्या जागा महिलांना झाल्या, तरी हे लगेच थांबलं नाही. अक्कांनी पूर्व भागातल्या अशा दोघी-तिघींना बरोबर घेऊन इंद्रभुवनात, म्हणजे महापालिकेत, जायला सुरुवात केली. त्या दोघी-तिघी पक्षाने विरोधातल्या होत्या. तरी एकत्र रिक्षाने जायच्या. यजमान लोक बाहेर झाडाखाली बसायचे, या आत. माझी आई म्हणते, त्यातल्या एका बाईंनी तिसऱ्या सभेत स्वतः उठून ड्रेनेजवर प्रश्न विचारला, त्या दिवशी अक्कांनी परतताना सगळ्यांना भजी खायला घातली.

मैदानाबद्दल पूर्वभागकरच सांगतील. मला तेव्हाचं नीट माहीत नाही.

पूर्वभागकर

@जुळे_सोलापूरकर, तुमचा राग खरा आहे, आणि हात वर केला हेही खरं आहे. पण पुढचं सांगायलाच हवं.

पक्षाच्या चिन्हावर निवडून आलेल्या सदस्याने व्हिप मोडला तर १९८६ च्या कायद्याने त्याचं पद जाऊ शकतं. गैरहजर राहिलं तरी तीच गत. पक्षाच्या बैठकीत अक्का विरोधात बोलल्या, ते बैठकीत असलेल्या दोघांनी मला नंतर सांगितलं. सभेत त्यांनी व्हिप पाळला. संध्याकाळी पारावर आल्या आणि मत कसं दिलं ते आधी स्वतः सांगितलं. लोकांनी खूप बोलून घेतलं. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि मग पिशवीतून कोरे कागद काढले.

आरक्षण सभेच्या ठरावाने लगेच उठत नाही. नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली फेरबदल करायचा तर जाहीर सूचना द्यावी लागते, लोकांना हरकती द्यायला एक महिना मिळतो, सुनावणी होते आणि शेवटचा निर्णय शासनाचा असतो. हे आमच्यापैकी कुणालाही माहीत नव्हतं. अक्कांनी हरकतीचा मजकूर सांगितला, पोरांनी घरोघर जाऊन सह्या घेतल्या, शाळेच्या शिक्षकांनी वेगळी हरकत दिली. एकगठ्ठा न देता प्रत्येकाची स्वतंत्र हरकत, प्रत्येकीची पोच घेतलेली. सुनावणीला इतकी माणसं आली की व्हरांडा भरला. मैदान आजही मैदान आहे, तुम्ही गावी आलात की बघा.

त्यांनी पद सोडायला हवं होतं का, यावर आमच्या घरातसुद्धा दोन मतं आहेत. माझं म्हणणं असं की त्या दिवशी सभागृहात त्यांचं एक मत विरोधात गेलं असतं तरी ठराव मंजूर झालाच असता, आणि कलम ३७ ची वाट सांगणारं माणूस आमच्याकडे उरलं नसतं.

जुळे_सोलापूरकर

हरकतींचं मला माहीत होतं, माझ्या भावाने सही केली होती. कागद अक्कांनी आणले हे मात्र आज कळलं. तरी मी माझ्या मतावर आहे. मत दिलेलं सभेच्या इतिवृत्तात राहतं, पारावरचं बोलणं राहत नाही. पुढे कुणी त्या ठरावाचा कागद काढून बघितला तर त्याला अक्कांचं नाव बाजूनेच दिसणार.

हातमाग

दोघांचंही बरोबर हाय. पण २०१७ ला अक्का पडल्या त्या मैदानामुळं नाही बरं का. मी त्यांच्या प्रचारात होतो, सांगतो.

२००७ ला एक वॉर्ड एक नगरसेवक होता. अक्का पायी फिरून अख्खा वॉर्ड पुरा करायच्या. २०१२ ला दोन-दोन सदस्यांचे प्रभाग झाले, तरी जमलं. २०१७ ला आले चार-चारचे प्रभाग, दोन तेवढे तीनचे, १०२ जागांसाठी सगळ्या शहरात फक्त २६ प्रभाग. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ९,५१,५५८. भागून बघा, एका प्रभागात सरासरी ३६ हजारांच्या वर माणसं येतात. आमच्या विणकरांच्या गल्ल्यांना पार लांबच्या कॉलन्या जोडल्या. तिथल्या लोकांनी अक्कांचं तोंडही बघितलेलं नव्हतं. व्हॉल्व्ह त्यांच्याकडचा नव्हता, वही त्यांच्याकडची नव्हती.

चारच्या प्रभागात पॅनल चालतं. मतदार आत जातो, चार बटणं दाबायची, अ, ब, क, ड. एका चिन्हावर चारही दाबून मोकळा. पॅनलमध्ये एक जण पैसेवाला लागतो, त्याच्या गाड्या, त्याची पोरं, त्याचा मंडप. अक्कांना तिकीट मिळालं नाही, कारण त्यांच्याकडं पॅनलला द्यायला काहीच नव्हतं. शेवटी अपक्ष उभ्या राहिल्या. जुन्या वॉर्डातल्या बूथांवर त्यांना चांगली मतं पडली, बाकीकडं वाहून गेल्या. त्या वेळी भाजप ४९, शिवसेना २१, काँग्रेस १४, एमआयएम ९, राष्ट्रवादी आणि बसप चार-चार, माकप १ असं सभागृह आलं. बेरीज करा, १०२ पुरे होतात. एवढ्या मोठ्या सभागृहात अपक्ष एकही नाही. हे मला त्या दिवशी लै लागलं होतं आणि अजून लागतं. पायी फिरून निवडून येणाऱ्या माणसाला दारच ठेवलं नाही. पाणी चार दिवसांनी आलं तर कुणाला विचारायचं? चौघं एकमेकाकडं बोट दाखवत्यात.

निवृत्त_लिपिक

हातमाग यांच्याशी पूर्ण सहमत. एका प्रभागात चार सदस्य असले की भांडवली निधीचं काम कुणाच्या नावावर यावरून आपापसात रस्सीखेच होते, आणि देखभालीचं काम कुणीच अंगावर घेत नाही.

शेळगीकर

पूर्व भागाचा विषय निघालाय तर माकपच्या आडम मास्तरांची आठवण काढावीच लागेल. तीन वेळा आमदार झाले, १९७८, १९९५ आणि २००४. पण लोक त्यांना ओळखतात ते घरांमुळे. कुंभारीला विडी कामगार महिलांची दहा हजार घरं, २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते दिली. मग रे नगरची तीस हजार घरांची योजना, त्यातल्या पंधरा हजार घरांच्या चाव्या १९ जानेवारी २०२४ ला पंतप्रधान मोदींच्या हस्ते मिळाल्या. दोन वेगवेगळ्या पक्षांची सरकारं, दोन पंतप्रधान, आणि मागे लागणारी माणसं तीच. खुर्ची असताना आणि नसतानाही पाठपुरावा सोडला नाही म्हणून ते झालं. अक्कांचं काम एका व्हॉल्व्हचं आणि एका मैदानाचं असेल, पण धाटणी तीच.

नवी_पेठ

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढच्या वेळी उभं राहायचं मनात आहे, घरी अजून सांगितलेलं नाही. अक्का पडल्यानंतर काय करतात? आणि सुरुवात कशापासून करायची हे कुणी सांगेल का? जाहीरनामा वगैरे नको, खरंच पहिलं काम काय?

विडीवालीची_लेक

@नवी_पेठ, अगं घरी सांग आधी! माझी आई पहिल्यांदा मोर्चाला गेली तेव्हा आजीने दोन दिवस बोलणं टाकलं होतं, मग तिसऱ्या मोर्चाला आजीच पुढे. बायकांना घरातून पाठिंबा नसेल तर रात्री अकराला दारात आलेल्या माणसाशी बोलणंही अवघड होतं.

पूर्वभागकर

@नवी_पेठ, अक्का घरी बसलेल्या नाहीत. प्रशासकाच्या काळात नगरसेवक नव्हते तेव्हा लोकांना जायला जागाच उरली नव्हती. पहिल्या सोमवारच्या लोकशाही दिनाला अक्का लोकांचे अर्ज नीट लिहून द्यायच्या, माहितीच्या अधिकारातले अर्जही. या निवडणुकीत त्या उभ्या राहिल्या नाहीत. गुडघे धरलेत. पण आमच्या प्रभागातल्या तीन उमेदवारांना, वेगवेगळ्या पक्षांच्या, त्यांनी घरी बोलावून अंदाजपत्रकाचं जुनं पुस्तक दाखवलं. तेच, तांबड्या खुणांचं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्यांनाच विचारून लिहितोय. म्हणाल्या, पाच वर्षं हातात आहेत तर आधी आपल्या भागाचं पाणी शिकून घे. पाणी उजनीतून पाइपलाइनने येतं की नदीतून औजच्या बंधाऱ्यात सोडलेलं टाकळीहून येतं, आपल्या टाकीला कुठलं मिळतं, टाकी कधी भरते, तिथून आपल्या गल्लीपर्यंत किती चाव्या आहेत आणि त्या कोण फिरवतो. चावीवाल्याशी नीट बोल, त्याला जे माहीत असतं ते साहेबालाही माहीत नसतं. दुसरं, यंदाच्या अंदाजपत्रकाची प्रत मिळव. नव्या सभागृहाचं पहिलं अंदाजपत्रक आहे, प्रेक्षक गॅलरीत बसून ती सभा पूर्ण ऐक. मोबाइल बंद ठेवून. कोण वाचून आलंय आणि कोण नाही हे तासाभरात कळतं.

एरवी विडी कारखान्याला सुट्टी नसते, त्यामुळे त्यांना भेटायचं तर रविवारी सकाळी दहानंतर ये. मला व्यक्तिगत निरोप टाक, पत्ता देतो. येताना तुझ्या गल्लीत पाणी आल्याच्या मागच्या चार वेळा लिहून आण, तारखेसकट. त्याशिवाय त्या पुढे बोलणार नाहीत.

नवी_पेठ

येते. शेवटच्या दोन वेळा आठवतात, त्याआधीच्या आईला विचारून लिहिते. आमच्याकडचा चावीवाला कोण हे आजच शोधायला लागते. आणि लिपिककाका, इतिवृत्ताची प्रत मागायला अर्ज कुणाच्या नावाने करायचा?

निवृत्त_लिपिक

नगरसचिवांच्या नावाने. सभेची तारीख आणि विषय क्रमांक लिही, नुसतं "मैदानाचा विषय" लिहू नकोस. अर्जाच्या दोन प्रती कर आणि दुसरीवर आवक क्रमांकासह शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नकोस.